चार धारांचं थारोळं

झुलालभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी न्हाणीत डोकावायचे. नळ सोडायचे, धारेखाली तळहात धरायचे, डोळे मिटून जरा वेळ उभे राहायचे. मग बाहेर येऊन यजमानाला रामराम. चहा बशीत ओतताना कप हळूहळू वर नेत जायचे आणि धार तुटली की ‘इथपर्यंत’ असं स्वतःशीच म्हणायचे. पंपाला ते बाई म्हणत. ‘बाईला ताप आलाय’ म्हणजे मोटार तापली. रागावले तर पान्याला शिव्या द्यायचे, माणसाला देत नसत. हसू आलं की आधी टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि मगच हसायचे. रस्त्याकडेला पाइपचा तुकडा दिसला तर रिक्षा थांबवून उतरायचे, आणि तो घेऊन परत बसले की रिक्षावाल्यालाच सुनवायचे, ‘एवढा ब्रेक का मारला रे?’

हे सगळं लीलाधरनं पहिल्या महिन्यातच टिपून घेतलं होतं. त्याला तेवढंच येत होतं. मराठी घेऊन एम. ए. झालेला, कॉलेजात जागा निघायची वाट बघणारा हा पोरगा नशिराबादेत शिकवण्या घेत होता आणि झुलालभाऊंच्या वर्कशॉपमागच्या खोलीत भाड्यानं राहत होता. वर्कशॉप म्हणजे हायवेला लागून पत्र्याची शेड. पुढे मोटारी उघडून पडलेल्या, मागे पाइपचा डोंगर. जळगावच्या एका पाइप कारखान्यात झुलालभाऊंनी बरीच वर्षं काढली होती. तिथला वाकडा, चिरलेला, माप चुकलेला माल ते निघताना मागून आणायचे. नोकरी सुटली, पण डोंगर राहिला.

‘एवढे पाइप कशाला लागतात, भाऊ?’ लीलाधरनं एकदा विचारलं.

‘तुला एवढी पुस्तकं कशाला लागतात?’

‘वाचायला.’

‘मग मी काय करतो?’

झुलालभाऊंना नम्रपणाची सवय नव्हती. तालुक्यात आपल्यासारखा मोटार ओळखणारा दुसरा नाही, हे ते गिऱ्हाइकाला मोटार उघडण्याआधीच सांगायचे. मोटार उघडल्यावर पुन्हा सांगायचे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आखाजी तोंडावर आली. खान्देशात अक्षय्य तृतीयेच्या या सणाला लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. सालदाराचं सालही याच दिवशी संपतं आणि याच दिवशी नवं ठरतं. झुलालभाऊंची थोरली बहीण भागाबाई दोंडाईच्याच्या अलीकडे खर्दळ गावात दिलेली होती. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे ही पत्र्याची शेड. ती दरवर्षी यायची, मोटारींच्या मधे बसून सांजोऱ्या करायची. या वर्षी तिचा निरोप आला, की येत नाही.

निरोप घेऊन आलेला ट्रकवाला खर्दळचाच होता. तो म्हणाला, ‘भागाआक्का जमीन सोडतीये. पोराकडे सुरतेला जाते म्हणे. भुईमूग वाळायला लागला. आखाजीपर्यंत बघणार, नाहीतर सालदाराला रजा देणार आणि निघणार.’

झुलालभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. भागाबाईचा नवरा वारलेला. मुलगा भिकन सुरतेत यंत्रमागावर. ती एकटी, तिची शेती, आणि वेस्ता नावाचा सातपुड्याकडचा पावरा आदिवासी सालदार.

‘तुझी गाडी तिकडे मोकळीच चालली ना, मिरची भरायला?’

‘हो.’

‘मग मोकळी कशाला न्यायची?’

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये पाइपचा अर्धा डोंगर चढला होता. त्यावर सतरंजी टाकून झुलालभाऊ बसले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मांडीवर बहिणीसाठी लुगडं.

‘चल मास्तर. मुराळ्याबरोबर एक माणूस लागतो.’

‘मी काय करू तिथं?’

‘बघ. तुला ते येतं.’

पारोळा, धुळे, नरडाणा. वारा गरम होता. झुलालभाऊ वाटभर बोलत होते आणि लीलाधर पाइपवरून घसरत होता. भागाबाईच्या दारात ट्रक थांबला तेव्हा गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. लुगड्याची घडी घेऊन उतरणारा मुराळी त्यांनी पाहिला होता. त्याच्यामागे पाइप उतरवणारा त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

भागाबाई उंबऱ्यात उभी होती. उंच, काटक बाई.

‘हाई काय लयना?’ हे काय आणलंस, तिनं विचारलं.

‘तुनं माहेर,’ झुलालभाऊ म्हणाले.

ती हसली नाही. म्हणाली, ‘आधी वावर देख. मंग बोल.’

वावर पाहिलं. वरच्या वाफ्यांतला भुईमूग हिरवा, मधला पिवळट, आणि खालच्या निम्म्या शेतात पानं दुपारीच मिटलेली. भुईमुगाच्या आऱ्या याच दिवसांत मातीत शिरतात आणि त्यांनाच पुढे शेंगा लागतात. माती दगडासारखी झाली की आरी वरच वाळते. भागाबाईनं एक झाड उपटून भावाच्या हातात दिलं. दोऱ्यासारख्या आऱ्या हवेत लोंबत होत्या.

‘विहिरीला पाणी नाही?’ लीलाधरनं विचारलं.

‘आहे की,’ वेस्ता म्हणाला. ‘चार वाफे भिजतात. मग मोटार हवा ओढते.’

चारही भाऊबंदांची तीच कथा होती. भागाबाईच्या सासऱ्याचं एकच मोठं वावर. तो गेल्यावर वाटण्या झाल्या आणि जो तो आपापली विहीर खणून बसला. थोरला दीर तोताराम, त्याच्याकडे पाच हॉर्सची मोटार आणि गावभर आवाज. मधला हिलाल, तो हो आणि नाही यापलीकडे बोलायचा नाही. धाकटी जाऊ तानुबाई, तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर, म्हणून शेती तीच बघायची. आणि भागाबाई. चार विहिरी, चार मोटारी, चार बारीक धारा. प्रत्येकाचं पाणी आपल्याच पाटात अर्ध्यावर जिरून जात होतं. चौघांच्याही शेताचा खालचा भाग वाळत होता.

पाचवा होता चुलत दीर चुडामण. त्यानं मशीन आणून खोल बोअर मारला होता आणि त्याला जोरदार पाणी लागलं होतं. त्याचं शेत हिरवंगार. तो बांधावर खाट टाकून बसायचा आणि म्हणायचा, ‘एक धार पाहिजे, पण मर्दाची.’

‘बोअर मारायचा का मग आपण पण?’ लीलाधरनं हळूच विचारलं.

‘खाली काय समुद्र आहे?’ झुलालभाऊ म्हणाले. ‘वरच्या चार विहिरी त्यानंच तर ओढल्या. आज त्याची बारी, उद्या त्याच्याहून खोल जाणाऱ्याची.’ मग थांबून त्यांनी विचारलं, ‘मास्तर, थेंबे थेंबे तळं साचतं असं तुम्ही पोरांना शिकवता ना?’

‘हो.’

‘खोटं आहे. थेंबे थेंबे जिरतं. कोरडी माती आधी आपण जेवते आणि उरलं तर पुढे वाढते. थोडं थोडं दिलंस तर तिचंच पोट भरत नाही. पुढं काय जाणार?’

लीलाधर बघत राहिला. सहा वर्षं तो भाषा शिकला होता आणि ही म्हण त्यानं कधी जमिनीवर ओतून पाहिली नव्हती.

झुलालभाऊंनी ओतून दाखवली. संध्याकाळी पारासमोर चौघा भाऊबंदांना बोलावलं. प्रत्येकाच्या हातात तांब्या. पायाच्या अंगठ्यानं धुळीत एक लांब रेघ ओढली, पारापासून उतारावरच्या निंबापर्यंत.

‘तोतारामभाऊ, ओत.’

तोतारामनं ओतलं. पाणी चार हात गेलं आणि धुळीनं पिऊन टाकलं. शेजारी दुसरी रेघ ओढली, हिलालनं ओतलं. तेवढंच गेलं. तानुबाईचंही तिथंच संपलं. भागाबाईनं ओतलं. जमलेली माणसं हसायला लागली, की मुराळी उन्हानं बिघडला.

‘आता तांबे पुन्हा भरा. नवी रेघ. आणि चौघं एकदम.’

चार तांबे एकदम पालथे झाले. पाणी गढूळ जिभेसारखं पुढे सरकलं, सरकतच गेलं, जिथं मघाशी संपलं होतं ते ठिकाण ओलांडून उतारावर धावलं आणि निंबाच्या मुळाशी जाऊन थांबलं. हसणं बंद झालं. झुलालभाऊ पारावर टेकले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘पाणी तेवढंच,’ ते म्हणाले. ‘पाणी वाढवलं नाही मी. फक्त एकटं सोडलं नाही. चारी मोटारी एकदम चालवायच्या. आज बठ्ठं, चारी विहिरींचं पाणी आक्काच्या वावरात, उद्या तुझ्या, परवा तानुच्या. दर चौथ्या दिवशी पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत.’

‘म्हणजे माझं पाणी तिच्या वावरात?’ तोताराम म्हणाला. ‘आणि माझी पाच हॉर्सची, तिची तीनची.’

‘मग तुझ्या पाळीला जरा जास्त वेळ घे. आत्ता तुझं पाणी कोणाच्या वावरात जातं? पाटाच्या पोटात. पाट काय तुझा जावई आहे?’

माणसं हसली. तोतारामलाही हसावं लागलं. हिलाल म्हणाला, ‘हो.’ त्याच्या मानानं ते भाषणच होतं. कडेला उभा असलेला चुडामण एवढंच म्हणाला, ‘चार लंगडे मिळून एक घोडा होतो का?’

आता इथं झुलालभाऊ चुकले. पाइपवाला माणूस, सगळं पाइपनं जोडायचं ही त्यांची खोड. चार विहिरींवरून चार पाइप आणले, ते एका जाड पाइपात जोडले आणि त्या जोडाला चौमुखी असं नाव दिलं. सोल्युशन लावून, पिळून, घट्ट. पाण्याचा एक थेंब बाहेर दिसणार नाही असं काम. दोन दिवस राबले. वेस्ता खणायचा, लीलाधर पाइप धरायचा आणि झुलालभाऊ स्वतःची स्तुती करायचे.

तिसऱ्या सकाळी लाईट आली. चार बटणं दाबली गेली. भागाबाईच्या बांधावर जाड पाइपच्या तोंडाकडे सगळे वाकून बसले. तोंडातून खोकला आला, गुळणी आली, मग एक धार. ती चौघांची नव्हती. जेमतेम एकाची होती.

तेवढ्यात वेस्ता धावत आला. ‘तानुबाईच्या विहिरीत पाऊस पडतोय.’

सगळे धावले. विहिरीत वाकून पाहिलं. तळाशी, पाइपच्या टोकातून पाणी विहिरीतच पडत होतं. बाहेर यायचं ते आत चाललं होतं. विहिरीतलं पाणी बघता बघता चढत होतं.

झालं होतं असं. विहिरीतल्या पाइपच्या टोकाला एक झडप असते. पाणी वर जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तानुबाईची झडप कुजली होती, तिनं तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला होता आणि विचारल्यावर ‘चांगली शे’ म्हणून सांगितलं होतं. झुलालभाऊंनी ते मानलं होतं. तोतारामच्या दांडग्या मोटारीनं बारक्या मोटारींना दाबलं आणि कच्ची वाट दिसली तिथून पाणी खाली सोडलं. तोतारामचं पाणी तोतारामच्या डोळ्यांदेखत तानुबाईच्या विहिरीत जाऊन पडत होतं.

तानुबाईला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती खाली बसली. तिच्या हसण्यानं तोताराम पेटला.

‘मुराळी बहीनले लेवाले उना, नि मनं पाणी तानुले दी गया,’ तो सगळ्या बांधांना ऐकू जाईल असं म्हणाला. ‘माझं पाणी, तानुला. दिवसाढवळ्या. तेही माझ्याच लाईटवर.’

त्यानं आपला पाइप हिसका देऊन जोडातून ओढला. सोल्युशन वाळलेलं, म्हणून पाइप चिरत निघाला. झुलालभाऊ बघत उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पान्यालाही शिवी दिली नाही. दूर खाटेवर चुडामणनं कूस बदलली.

आखाजी परवावर आली होती.

संध्याकाळी भागाबाई मागच्या ओसरीवर आखाजीची घागर धूत होती. पितरांच्या नावानं लाल मातीची घागर पाण्यानं भरून ठेवतात, वर खरबूज आणि सांजोरी. चारही घरांत एकाच म्हाताऱ्याच्या नावानं चार वेगळ्या घागरी भरल्या जात होत्या. वाटण्या झाल्यापासून तसंच चाललं होतं.

‘बाप एक आणि घागरी चार,’ झुलालभाऊ भिंतीला टेकून म्हणाले. ‘म्हातारा कोणती पिणार?’

‘ज्याले भांडण येस नही त्यानी,’ भागाबाई म्हणाली. ती तांब्यानं घागरीत पाणी ओतून बघत होती, गळते का म्हणून. ‘भाऊ, एक सांगू? रागावशील नको. तोंडाले तोंड लाईसन कोनी घागर भरस का? वरथून ओतनं पडस.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काही नही. हाई देख.’ तिनं तांब्या उंच धरला आणि धार सोडली. ‘आता घागरीतलं पाणी तांब्यात परत जाईल?’

झुलालभाऊ उठले. तिच्या हातातला तांब्या घेतला. उंच धरून ओतला. पुन्हा भरून पुन्हा ओतला. घागर भरून वाहायला लागली आणि पाणी त्यांच्या पायांवर आलं. लीलाधरला वाटलं, हा माणूस आता नाचणार. ते नाचले नाहीत. म्हणाले, ‘आक्का, तू कारखान्यात पाहिजे होतीस.’

‘मी कारखान्यात ऱ्हाती तर तुले शिकाडतं कोण?’

‘मास्तर, चल. उजेड आहे तोवर उंच जागा शोधू.’

उंच जागा सगळ्यांना माहीत होती, फक्त कोणाच्या ध्यानात नव्हती. सासरा आणि चुडामणचा बाप यांच्या सामाईकातली मोटेची विहीर, आता कोरडी. तिच्या काठावर दगडी थारोळं. बैल चामड्याची मोट ओढायचे, मोट वर आली की त्या दगडी कुंडात पाणी ओतलं जायचं आणि तिथून पाटानं सगळ्या वावरात जायचं. मोटारी आल्या आणि मोट गेली. वाटण्यांच्या वेळी सगळं वाटलं, पण थारोळं वाटायचं राहिलं. ते चौघांचंही होतं आणि चुडामणचंही. म्हणून ते कोणीच साफ करत नव्हतं. त्यात बाभळीच्या शेंगा आणि शेळ्यांच्या लेंड्या साठल्या होत्या.

झुलालभाऊ त्यात उतरले आणि धोतर खोचून हातानं लेंड्या काढायला लागले.

त्याच संध्याकाळी ते तोतारामच्या ओट्यावर गेले. तोताराम तोंड फिरवून बसला होता.

‘तुझा पाइप थारोळ्याच्या काठावर ठेवायचा,’ झुलालभाऊ म्हणाले. ‘नुसता ठेवायचा. जोडायचा नाही. सोल्युशन नाही, काही नाही. तुझी धार वरून खाली पडताना तुला दिसेल. तानुची तिला दिसेल. पडलेलं पाणी परत कोणाच्या पाइपात जाणार नाही. नाही पटलं तर पाइप उचल, खांद्यावर टाक आणि घरी जा. मी आडवा येणार नाही.’

‘जोड नाही?’

‘नाही. मी जोडलं तिथंच चुकलो.’

तोतारामनं तंबाखू चोळली. ‘चूक झाली असं एकदा पारावर सांगशील?’

‘दोनदा सांगेन. पण पाणी पोचल्यावर.’

आखाजीची सकाळ. शेताकडेच्या निंबाला झोके बांधलेले. माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत होत्या, झोके बांधावरून वर जात होते आणि खाली येत होते. लेकीबाळींना शेतात काय चाललंय याचं आज काही नव्हतं, पण मुराळी थारोळ्यावर चढलाय म्हटल्यावर झोके आपोआप मंद झाले.

थारोळं धुऊन काढलेलं. काठाच्या दगडाला छिन्नीनं खाचा पाडलेल्या, पाइप घरंगळू नये म्हणून. खाचा पाच होत्या.

‘पाचवी कोणाची?’ लीलाधरनं विचारलं.

‘त्याची.’ झुलालभाऊंनी खाटेकडे हनुवटी उडवली. ‘पाणी संपलं की माणूस येतो.’

लाईट आली. झुलालभाऊ काठावर उभे, हातात लाल रुमाल. चार मोटारी एकदम सुरू केल्या तर गावाचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसेल, म्हणून एकेक करून. रुमाल हलला आणि भागाबाईच्या विहिरीवर वेस्तानं बटण दाबलं. पाइपनं श्वास घेतला. बारीक, करंगळीएवढी धार थारोळ्यात पडली. दगडावर टप टप आवाज झाला.

रुमाल दुसऱ्यांदा. तानुबाईची धार. तिच्या झडपेला आता नवं चामडं होतं. तीही बारीक. रुमाल तिसऱ्यांदा, हिलाल. थारोळ्याच्या तळाशी पाणी दिसायला लागलं. मग झुलालभाऊंनी तोतारामच्या मोटारीकडे पाहिलं. तोताराम स्वतः स्टार्टरपाशी उभा होता आणि बटणावर बोट ठेवून थांबला होता. झोके पूर्ण थांबले.

त्यानं बटण दाबलं.

पाच हॉर्सचं पाणी आलं आणि थारोळं बोलायला लागलं. चार धारा चार बाजूंनी पडत होत्या. एक जाड, तीन बारीक, आणि आवाज चारांचा मिळून एक. पाणी चढलं. दगडी तोंडाशी आलं, थबकलं आणि मग एकदम पाटात उतरलं.

‘पळ मास्तर,’ झुलालभाऊ ओरडले. ‘त्याच्याबरोबर पळ. कुठं अडलं तर सांग.’

लीलाधरनं चपला टाकल्या आणि पळाला. पाणी त्याच्या शेजारून धावत होतं. पुढे वाळकी पानं, काड्या, मुंग्या, फेसाची एक टोपी. माती चुर्र चुर्र आवाज करत पीत होती, पण पाणी तिच्यासाठी थांबत नव्हतं. वळणावर ते त्याला मागे टाकून गेलं. वेस्ता फावडं घेऊन पुढे होता, बांध फोडत, वाफा उघडत. पहिले चार वाफे गेले, जिथं रोज संपायचं ती जागा गेली. मधला पिवळा पट्टा गेला. लीलाधरला धाप लागली. त्याच्या पायात काटा गेला होता आणि तो त्याला नंतर कळला. तो ओरडत होता आणि काय ओरडतोय हे त्यालाही समजत नव्हतं. सहा वर्षं शिकलेल्या भाषेतला एक शब्द वर आला नाही. नुसता आवाज.

सर्वांत खालच्या वाफ्यात भागाबाई उभी होती. ती सकाळपासूनच तिथं होती. थारोळ्याकडे गेलीच नव्हती.

पाणी आलं. वाफ्याच्या तोंडाशी आलं, आत शिरलं, भेगांतून खाली गेलं, भेगा भरून वर आलं. तिच्या टाचांना लागलं, मग घोट्यांना. ती हलली नाही. पाणी पलीकडच्या बांधाला जाऊन टेकेपर्यंत तिनं पाहिलं. मग लुगड्याचा ओचा वर खोचला.

‘वेस्ता,’ ती म्हणाली.

‘हां आक्का.’

‘नवं साल मांड. आठेच ऱ्हाय.’

वेस्तानं, इथंच राहतो, अशी मान हलवली आणि फावड्यानं शेजारचा वाफा उघडला.

झुलालभाऊ मागून चालत आले. घामानं निथळत होते, पण चाल अशी की जणू सगळा सातपुडा त्यांनीच उचलून आणला होता. बहिणीच्या ओल्या पायांकडे पाहिलं. टोपी काढली. मांडी नव्हती, म्हणून ती लीलाधरच्या डोक्यावर ठेवली आणि हसले.

‘माहेरी येतीस का आता?’

‘उद्या तोतारामनी पाळी शे,’ भागाबाई म्हणाली. ‘देखाले पडी. तूच ऱ्हाय चार दिन.’

ते राहिले. पारावर जाऊन आपली चूक दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा शेवटी स्वतःचीच स्तुती केली. त्या वर्षी भुईमुगाच्या शेंगा खालच्या वाफ्यांतही लागल्या.

पुढे लीलाधरला धुळ्याच्या कॉलेजात जागा मिळाली. झुलालभाऊंना लोक थारोळेवाले म्हणायला लागले. पाच-सहा गावांत त्यांनी हाच खेळ मांडला. काही ठिकाणी जमला. एका गावी विहिरी इतक्या लांब होत्या, की धारा वाटेतच थकल्या. एका गावी पाणी जमलं पण माणसं जमली नाहीत. त्या गावाचं नाव निघालं की ते पान्याला शिव्या द्यायचे. जळगावहून नव्या ठिबकच्या नळ्या आल्या तेव्हा त्या हातात घेऊन ते दिवसभर बसले आणि लीलाधरला पत्र लिहिलं, की थेंबानं जायचं तर माती पिण्याआधी मुळाशी न्यायला हवं, हे आपल्याला सुचायला हवं होतं, इतरांना कसं सुचलं कळत नाही.

खर्दळला ते दर आखाजीला जायचे. बहीण माहेरी येण्याऐवजी भाऊच बहिणीकडे. गावानं ते मान्य करून टाकलं होतं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात चुडामणचा बोअर हवा ओढायला लागला. त्यानं अजून खोल जाऊन पाहिलं. धूळ आली. त्याची जुनी उथळ विहीर होती, तिला मात्र थोडं पाणी होतं. करंगळीएवढी धार. तो स्वतः आला नाही, भागाबाईकडून निरोप धाडला. झुलालभाऊंना तेवढं पुरलं. डोंगरातले उरलेले पाइप टेम्पोत घालून ते त्याच दिवशी निघाले. धुळ्याला थांबून लीलाधरला म्हणाले, ‘चल, पाचवी खाच भरायची आहे.’

‘भाऊ, परीक्षा चालू आहेत. रविवारी येतो.’

‘रविवारपर्यंत पाणी पडलेलं बघशील.’

शनिवारी दुपारी निरोप आला. झुलालभाऊ पाइप कापता कापता छातीवर हात धरून बसले. वेस्तानं बैलगाडीतून दोंडाईच्याला नेलं. वाटेतच संपलं.

लीलाधर खर्दळला पोचला तेव्हा थारोळ्यात चार धारा पडत होत्या. हिलालची पाळी होती आणि ती कोणी चुकवली नव्हती. चुडामण काठावर बसला होता, खाट नव्हती, नुसता जमिनीवर. त्याच्या विहिरीपासून पाइप येत येत थारोळ्यापाशी आला होता आणि तिथंच संपला होता. पाचव्या खाचेपर्यंत राहिलं होतं ते एका तुकड्याएवढं अंतर. तो तुकडा शेजारीच दोन दगडांवर आडवा ठेवला होता. पेन्सिलीनं खूण केलेली. खुणेवर करवतीचं पातं अर्ध्यापर्यंत गेलेलं, तसंच अडकून होतं.